दोन निळ्या टिकांस अनावृत पत्र

श्रीमती थोरली टिक व श्रीमती धाकटी टिक यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुमचा जाहीर सत्कार करायचा राहून गेला आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये व्हॉट्सॲपवर तुम्ही दोघी करड्याच्या निळ्या झालात, त्याला दशक उलटलं. एवढ्या अवधीत आमच्याकडे एकाच पुलाची दोन उद्घाटनं होतात आणि एकाच आमदाराचे तीन पक्ष होतात. पण तुमच्या गळ्यात कुणी साधा झेंडूचा हार घातला नाही. ही कृतघ्नता झाली. घरात, कचेरीत, सोसायटीत, साखरपुडा झालेल्या जोडप्यांत तुम्ही जे कार्य केलंत, ते तडीस न्यायला पूर्वी प्रत्येक घराण्याला काड्या लावणारी एक तरी आत्या पोसावी लागायची. तुम्ही ते फुकट करता, चोवीस तास करता आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही.

तुमचं पूर्वायुष्य तसं निरुपद्रवी होतं, हे आधी नोंदवतो. करडी असताना थोरली सांगायची, मेसेज निघाला. धाकटी सांगायची, समोरच्याच्या फोनपर्यंत पोचला. फोनपर्यंत. तिथून पुढे तो माणसापर्यंत गेला की नाही हे गुलदस्त्यात राहायचं, आणि त्या गुलदस्त्याच्या भरवशावर आमची निम्मी नाती सुखानं नांदत होती. काही उतावळे लोक दोन करड्या टिका दिसल्या की ‘वाचलंय, तरी उत्तर देत नाही’ म्हणून भांडायला उठायचे. त्यांना समजावता यायचं की बाबा रे, त्याचा तो अर्थ नाही. 2014 च्या फेब्रुवारीत फेसबुकनं 19 अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप विकत घ्यायचं जाहीर केलं आणि ते वर्ष सरायच्या आत भांडणाऱ्यांची सोय झाली. समजावणारे बेकार झाले.

तुमच्याआधी काय होतं ते तुम्हाला बघायला मिळालं नाही, म्हणून सांगतो. उत्तर न देण्याची आमच्याकडे एक जुनी, सभ्य पद्धत होती आणि तिची सगळी झळ टपालखातं सोसत होतं. नानांनी उसने पैसे मागणारं पत्र टाकलं. तात्यांनी ते वाचलं, घडी घातली, तारेला लावलं आणि गप्प बसले. पुढे कुणाच्या तरी मुंजीत दोघं समोरासमोर आले, की तात्याच आधी सुरू करायचे, ‘काय नाना, पत्र नाही, काही नाही!’

‘टाकलं होतं की. मिळालं नाही?’

‘छे हो! पोस्टमन नवा आहे आमचा. सगळ्या आळीची पत्रं कोपऱ्यावरच्या दुकानात टाकून मोकळा होतो.’

नानांना कळायचं. नानांना कळलंय हे तात्यांना कळायचं. मग दोघं मिळून त्या पोस्टमनला आणि त्याच्यामार्फत भारत सरकारला दोन शिव्या हासडायचे आणि पंगतीला शेजारी शेजारी बसायचे. पैसे मिळायचे नाहीत, पण पुढच्या मुंजीचं आमंत्रण शाबूत राहायचं. त्या गरीब पोस्टमननं पत्र अगदी वेळेवर, दारात, तात्यांच्याच हातात दिलेलं असायचं.

पोस्टकार्ड आजही 50 पैशांना मिळतं. त्या किमतीत मजकुराबरोबर ही पळवाटही यायची. ज्या कुणाला ती बंद करायची असेल, त्यानं रजिस्टर एडी करावं आणि पोचपावतीवर सही घ्यावी. असं पाकीट दारात आलं की घरातल्यांचे चेहरे पडत, कारण पोचपावती मागणार तो वकील, बँक किंवा जमिनीच्या वाटणीतला सख्खा भाऊ. स्नेहाच्या पत्राला पोचपावती मागणं हा अपमान होता. तुम्ही सगळ्या गावालाच रजिस्टर एडी लावून टाकलंत. ‘येताना कोथिंबीर आण’ हेसुद्धा आता पोचपावतीसह येतं, आणि विसरलेल्या कोथिंबिरीला बचाव उरलेला नाही. टपालखात्यानं 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा गुंडाळून स्पीड पोस्टात विलीन केली. दोन बहिणींनी तोच धंदा बिनभांडवली मांडल्यावर त्यांनी तरी काय करावं?

तर तुमचा मूळ गुन्हा हा. गप्प राहण्याचा दोष पूर्वी खात्यावर जायचा, तो तुम्ही माणसाच्या नावावर केलात. सातबाऱ्यावर चढवावा तसा, वेळेसकट.

बरं, मोबाइलला म्हणून सरसकट दोष देणारा मी नव्हे. 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हापासून पुढची बरीच वर्षं हे यंत्रही माणुसकीनं वागत होतं. आलेल्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे फोन न उचलणं हे उद्धटपणात नव्हे, काटकसरीत मोडायचं. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं, तर ‘रेंज नव्हती’ धावून आली. घाटात रेंज जायची, लिफ्टमध्ये जायची, नको त्या माणसाचं नाव पडद्यावर दिसताच दिवाणखान्यातही जायची. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. इतकं सलग अभय मराठी माणसाला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही. आणि मिस कॉल! दोन रिंगांत ‘खाली आलोय’, ‘पोचलो’, ‘निघाले’, ‘तू फोन कर, माझा बॅलन्स संपलाय’ असं सगळं सांगून व्हायचं, आणि दिलेला मिस कॉल पाहिला की नाही हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. अर्थ लावणाऱ्यावर सोडलेला असायचा. तुम्ही अर्थच शिल्लक ठेवला नाहीत.

लग्नसराईतल्या तुमच्या कामगिरीवर तर गौरवग्रंथ निघावा. मराठी पत्रिकेच्या तळाशी, वेळेअभावी समक्ष येता आलं नाही तरी हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं, अशा अर्थाची ओळ असायची. या ओळीनं पिढ्यान्पिढ्या रुसवे पोसले. ‘पत्रिका पोस्टानं? आम्ही काय परके?’ आणि लगेच पुढे, ‘आणि तीसुद्धा कुठं आली!’ मग वधूपिता स्वतः काकांच्या घरी जायचा. चहा व्हायचा. ‘टाकली होती हो, गहाळ झाली असणार’ म्हणून तो पडतं घ्यायचा. काकू आतून जुना हिशोब काढायच्या, कुठल्याशा बारशाला नेसवायची राहिलेली साडी वगैरे. काका तीनदा नाही म्हणायचे आणि चौथ्यांदा टोपी घालून निघायचे. हा सीमांतपूजनाइतकाच महत्त्वाचा विधी होता, फक्त त्याला भटजी लागत नव्हते.

तुम्ही तो बंद पाडलात. पत्रिकेची पीडीएफ दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी जाते, चार चौदाला तुम्ही निळ्या. काका पुढे ‘आम्हाला कुणी बोलावलंच नाही’ म्हणाले, की पुतणी घरच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकते. पुरावा बिनतोड. काकांना रुसता येत नाही, आणि न रुसलेल्या माणसाची समजूत काढायला कुणी जात नाही. काका कार्यालयात येतात, पाकीट देतात, जेवतात, पार्किंगची चिठ्ठी शोधत निघून जातात. भांडण मिटलं. जाणंयेणंही मिटलं. अभिनंदन.

तुमच्या टोळीतल्या साथीदारांची नावंही या कागदावर असू द्यावीत. ‘लास्ट सीन’ तुमच्याआधीपासून या धंद्यात आहे; त्याचं काम दारावरच्या भोचक वॉचमनचं, कोण किती वाजता आलं-गेलं ते सांगायचं. ‘ऑनलाइन’ हा त्याचा धाकटा. आणि ‘टायपिंग…’! समोरचा काहीतरी लिहितोय, थांबला, परत लिहितोय, थांबला, आणि मग काहीच नाही. कागदावर आम्ही फार तर खोडलेली ओळ पाहिली होती; तुमच्या या साथीदारानं न लिहिलेलं पत्रसुद्धा आमच्यापर्यंत पोचवलं. लग्न ठरलेली मुलंमुली त्या तीन टिंबांकडे बघत काय काय ऐकतात, ते त्यांनाच ठाऊक.

जून 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तुम्हाला साक्षीदाराचा मान दिला. क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेले एक गृहस्थ नोटीस काही केल्या हाती घेत नव्हते. कंपनीतर्फे नोटिशीची पीडीएफ त्यांना व्हॉट्सॲपवर गेली, आणि न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खुणा पाहून मान्य केलं, की मेसेज नुसता पोचला नाही, सोबतची नोटीस उघडलीही गेली. त्या थकबाकीदाराबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण तेव्हापासून घराघरांतली न्यायालयंही तुमच्या साक्षीवर चालतात, आणि तिथं उलटतपासणीची सोय नसते. ‘रात्री अकरा चाळीसला वाचलंस. उत्तर सकाळी नऊला. मधले नऊ तास कुठं होतास?’ ‘झोपलो होतो’ हा बचाव या न्यायालयात अजून एकदाही टिकलेला नाही.

उलटतपासणी झाली असती तर तुम्ही फार वेळ टिकला नसता, हेही सांगतो. माणसानं वाचलं, हे तुम्हाला कुठं ठाऊक असतं? चॅट उघडलं गेलं, एवढंच तुम्ही बघता. फोन नातवाच्या हातात होता, सिग्नलला अंगठा चुकून लागला, चष्मा नव्हता म्हणून अक्षरं नुसती मुंग्यांसारखी दिसली, हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसून माणूस पडद्याकडे बघत होता पण डोक्यात काहीच शिरत नव्हतं. तुम्ही सगळ्याला एकच निळा रंग फासता. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये पोलिसांना बजावलं, की चौकशीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, कायद्यात सांगितलेल्या रीतीनंच ती बजावा. म्हणजे पोलीस ठाण्यात बोलवायला व्हॉट्सॲप पुरत नाही. सासूबाईंना पुरतं.

कचेरीतली तुमची सेवा सर्वज्ञात आहे. साहेब रविवारी रात्री ‘आकडे?’ एवढंच लिहितात. उघडावं तर तुम्ही निळ्या, न उघडावं तर सोमवारी साहेब लाल. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी गुणाकार शिकवत असताना ‘खालील माहिती आज दुपारी दोनपर्यंत, अतितातडीचे’ येऊन आदळतं आणि ते कुणी पाहिलं, कुणी नाही, याची यादी वरिष्ठांना बोटाच्या दाबावर मिळते. सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं, कामाची वेळ संपल्यावर कचेरीच्या फोनला आणि ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क नोकरदाराला असावा म्हणून. तुम्ही घाबरू नका. खासगी सदस्याचं विधेयक आपल्या संसदेत 1970 नंतर एकदाही कायदा झालेलं नाही.

ग्रुपमध्ये तुमचं रूप जरा लोकशाहीवादी असतं. सगळ्यांनी पाहिल्याशिवाय तुम्ही निळ्या होत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी फोन घरी विसरून गाणगापूरला गेल्या, की आख्खी सोसायटी करडी राहते. पण सेक्रेटरी पक्का. तो मेसेजवर बोट दाबून धरतो आणि कुठल्या फ्लॅटनं किती वाजता पाहिलं याचा तक्ताच वाचतो. वार्षिक सभेला गणपूर्तीसाठी अर्धा तास थांबावं लागतं. लिफ्टच्या दुरुस्तीच्या मेसेजला मात्र शंभर टक्के हजेरी, आणि वर्गणी तेवढी बाकी.

तुमच्यापासून जीव वाचवायला लोकांनी शोधलेल्या युक्त्या मी कौतुकानं पाहत आलोय. कुणी वरच्या पट्टीतून ओझरतं वाचतो आणि उघडत नाही. कुणी एरोप्लेन मोड लावून उघडतो. स्वयंपाकघरात उभं राहून माणूस विमानात बसल्याचं सोंग घेतो, का, तर वहिनींचा मेसेज वाचायचाय. तुम्ही आलात तेव्हा जगभर एवढी ओरड झाली, की तुम्हाला मिटवून टाकायची सोयही लवकरच द्यावी लागली. तिला एक अट आहे: ज्यानं आपल्या निळ्या टिका लपवल्या, त्याला दुसऱ्याच्याही दिसणार नाहीत. तुमच्या सगळ्या कायद्यात न्यायाचं असं हे एकच कलम आहे, म्हणून ते फारसं कुणाला आवडत नाही. लपायचं सगळ्यांना असतं, पण बघायचंही असतंच. त्यात पुन्हा ग्रुपमध्ये ही सोय चालत नाही आणि आवाजी निरोपालाही लागू नाही. मावशींचा सहा मिनिटांचा आवाज एकदा ऐकला की तिथला इवलासा माइक निळा होतो, आणि मावशींना कळतं की भाच्यानं सगळं ऐकलंय, गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत.

आता शेवटचा आरोप, आणि तो मी गंभीरपणे ठेवतो.

आमच्याकडे माणूस गावाला निघाला की घरचे म्हणायचे, पोचल्याचं पत्र टाक. सांगलीहून नागपूरला गेलेल्या मुलाचं कार्ड यायचं. सुखरूप पोचलो, हे पहिल्या ओळीत संपायचं. पण कार्ड उरायचं की. कोरी जागा ठेवणं बरं दिसत नाही म्हणून मग पुढे, गाडीत कोण भेटलं, शिदोरीतल्या दशम्या कुणाला दिल्या, थर्मासचं झाकण कुठं हरवलं, उन्हाळा कसा आहे, धाकटीला म्हणावं अभ्यास कर. आईला हवं असायचं ते या उरलेल्या जागेत असायचं. ‘पोचलो’ हे निमित्त होतं.

तुम्ही फक्त निमित्त ठेवलंत. आई सांगलीहून विचारते, ‘पोचलास का रे?’ मुलगा न्यू जर्सीत विमानतळावर बॅगेची वाट बघत ते उघडतो. तुम्ही निळ्या होता. आईला कळतं, पोचला. ती कळलं म्हणून फोन ठेवते, तो कळलं असेल म्हणून खिशात टाकतो. दोघांनीही काही चुकीचं केलं नाही. पाहणं हेच उत्तर धरलं जायला लागलं, की उत्तराबरोबर येणाऱ्या त्या थर्मासच्या झाकणाला जागा कुठली? टपाल गहाळ व्हायचं तेव्हा एखादं पत्र जायचं. तुमच्या राज्यात काहीच गहाळ होत नाही, फक्त लिहिलं जात नाही.

तुमच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांचा तो रोजचा गुलाब, वर ‘सुप्रभात’ लिहिलेला, त्याची आपण सगळेच टिंगल करतो. पण ती शुभेच्छा नसतेच. ती हजेरी असते: उठलेय, हातपाय हलताहेत, गॅस पेटवलाय. न्यू जर्सीत तेव्हा आदली रात्र असते. मुलगा झोपण्याआधी तो गुलाब उघडतो, वाचण्यासारखं त्यात काही नसतं, आणि आईकडे तुम्ही निळ्या होता. दोन माणसं रोज एकमेकांच्या जिवंतपणाची खात्री करून घेतात. हे वाईट आहे असं म्हणवत नाही. बोलणं झालं असं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

तेव्हा तुम्हाला शिक्षा काय द्यावी? काढून टाका असं मी म्हणणार नाही. सरकारी खाक्याप्रमाणे बदली सुचवतो. तुमची खरी गरज आहे ती तहसील कचेरीत. तिथं मी अर्ज देतो, खिडकीतला माणूस आवक क्रमांकाचा शिक्का मारतो. तो शिक्का म्हणजे तुमचं बालपण: करड्या टिका. कागद इमारतीपर्यंत पोचला. पुढे तो साहेबांपर्यंत गेला का, त्यांनी पाहिला का, की तारेला लावला, हे जाणून घ्यायला मला माहिती अधिकाराचा दुसरा अर्ज करावा लागतो, त्यावर दहा रुपयांचं तिकीट चिकटवून तीस दिवस थांबावं लागतं, आणि त्याही अर्जावर आधी आवक क्रमांकच पडतो. तिथं बसा ना तुम्ही! महापालिकेत खड्ड्याच्या तक्रारीवर बसा, विमा कंपनीत दाव्याच्या फायलीवर बसा, पीक पंचनाम्याच्या कागदावर बसा. ‘साहेबांनी 3 जूनला सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी पाहिलं’ एवढं एकदा निळ्या शाईत दाखवा. ज्यांनी उत्तर द्यायला हवं तिथं तुमचा पत्ता नाही, आणि तात्यांच्या दिवाणखान्यात मात्र पाय पसरून बसलात.

बदली मान्य नसेल तर निदान एक तिसरी बहीण जन्माला घाला. रंग कुठलाही चालेल, हळदीचा असला तर बरं. तिचा अर्थ एवढाच असावा, की वाचलं आहे, राग नाही, सवडीनं लिहितो. तिला वेळ दाखवायची मात्र मनाई करा.

कळावे. लोभ थोडा कमी करावा, ही विनंती.

आपला,
एक करडा ग्राहक

ता. क. सोसायटीच्या ग्रुपवर आत्ताच टाकी धुण्याच्या वर्गणीचा मेसेज आला आहे. वरच्या पट्टीत पाहिला, उघडलेला नाही. सेक्रेटरींनी तुमच्याकडे चौकशी केलीच, तर मी करबुडे बोगद्यात आहे असं सांगावं.